टिंडेलच्या नव्या कराराच्या तीन प्रती

मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणलेला बायबलमधला पहिला संपूर्ण छापील नवा करार १५२६ साली जर्मनीतल्या वर्म्स शहरात छापला गेला. अनुवादक विल्यम टिंडेल, मुद्रक पेटर शॉफर. इंग्लंडमध्ये बंदी, म्हणून खिशात मावणारी ही पुस्तकं कापडाच्या गठ्ठ्यांतून चोरून आणली जात. लंडनचे बिशप टन्स्टॉल यांनी हाती लागलेल्या प्रती जाहीरपणे जाळल्या. हजारोंपैकी आज माहीत आहेत तीनच.

सेंट पॉल कॅथीड्रलमधल्या प्रतीची बरीच पानं गेली आहेत. ब्रिस्टलच्या बॅप्टिस्ट कॉलेजची प्रत १९९४ साली ब्रिटिश लायब्ररीने दहा लाखांहून अधिक पौंड मोजून घेतली. तिच्यात फक्त शीर्षकपान नाही. ते पान १९९६ साली सापडलं, श्टुटगार्टच्या ग्रंथालयात ओळख न पटता पडून राहिलेल्या प्रतीत. त्यावर टिंडेलचं नावच नाही! या माणसाला १५३६ साली देहदंड झाला.

खासगी संग्राहकाला असा ग्रंथ मिळणं जवळपास अशक्यच. जिनिव्हा बायबल या नंतरच्या इंग्रजी अनुवादाच्या जुन्या आवृत्त्या मात्र अजून विक्रीला येतात. घेताना पान न् पान तपासावं. गहाळ पानाच्या जागी दुसऱ्या प्रतीतलं पान बेमालूम बसवलेलं असू शकतं.