वॉलिंगफर्डचा निष्ठावंत: ब्रायन फिट्झकाउंट

मध्ययुगीन इंग्लंडमधला माझा सर्वांत आवडता सरदार म्हणजे ब्रायन फिट्झकाउंट! ब्रिटनीच्या ड्यूकचा हा अनौरस मुलगा राजा पहिल्या हेन्रीकडे वाढला. ११३५मध्ये हेन्री वारला आणि त्याचा भाचा स्टीफन याने गादी बळकावली. ११३९मध्ये हेन्रीची मुलगी मटिल्डा हक्क सांगायला आली, तेव्हा ब्रायन उघडपणे तिच्या बाजूने उभा राहिला.

थेम्सकाठचा त्याचा वॉलिंगफर्डचा किल्ला स्टीफनला कधीच घेता आला नाही. ११४२च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून पांढऱ्या कपड्यांत, बर्फातून निसटलेली मटिल्डा इथेच पोहोचली.

या संघर्षात ब्रायनच्या जमिनी गेल्या, शिबंदी पोसायला लूट करावी लागली. विंचेस्टरच्या बिशपने खडसावलं, तर ब्रायनने पत्रातून सुनावलं: मटिल्डाला साथ द्या, असं तुम्हीच सांगितलं होतं! त्या काळच्या सरदाराचं असं रोखठोक पत्र आज वाचायला मिळणं हीच मोठी गोष्ट आहे.