पदवीच्या नावाला भुलू नका

बारावीचा निकाल लागला की कोपर-डोंबिवलीतल्या घराघरांत तीच चर्चा सुरू होते : नीटचे गुण कमी पडले, आता आरोग्याच्या किंवा खेळाच्या क्षेत्रात पोरांनी काय करायचं? वाटा बऱ्याच आहेत, पण ऐकीव माहितीवर त्या धरल्या तर चार वर्षं वाया जातात.

गैरसमज : किनेसिऑलॉजी शिकलं की फिजिओथेरपिस्ट होता येतं.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. किनेसिऑलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र. आपल्याकडे ते फिजिओथेरपीत आणि शारीरिक शिक्षणात एक विषय म्हणून शिकवतात. कॅनडात त्याची चार वर्षांची स्वतंत्र पदवी मिळते, ओंटारियोत तर किनेसिऑलॉजिस्टची कायद्याने नोंदणीही होते. पण फिजिओथेरपिस्ट व्हायला तिथेही पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं. तेव्हा नुसती ती पदवी घेऊन आलेल्या मुलाला डोंबिवलीत फिजिओचा दवाखाना थाटता येणार नाही. त्यासाठी हवी बी.पी.टी.एच. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. नव्या केंद्रीय अभ्यासक्रमात ही मुदत पाच वर्षांची आहे. प्रवेशाला नीट द्यावीच लागते. हा व्यवसाय आता २०२१च्या केंद्रीय कायद्याखाली येतो.

गैरसमज : बारावीनंतर थेट बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करता येते.

वस्तुस्थिती : बी.पी.एड. पदवीनंतरचं, दोन वर्षांचं. बारावीनंतर बी.पी.ई.एस. असतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात १९१४पासून आहे.

गैरसमज : स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणजे खेळात मागे पडलेल्यांची सोय.

वस्तुस्थिती : डोंबिवलीत जन्मलेले नीलेश कुलकर्णी आठवा. १९९७मध्ये कोलंबोत, कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारे ते पहिले भारतीय. त्यांनीच २०१०मध्ये मुंबईत क्रीडा व्यवस्थापनाची संस्था काढली. तिथे शिकवतात ते स्पर्धांचं आयोजन, प्रायोजक मिळवणं, मैदान आणि संघ चालवणं. मैदानावरची गुणवत्ता वेगळी आणि ही कामं वेगळी. हिशेब, बोलणं आणि धावपळ जमणाऱ्या मुलीला खेळता येत नसलं तरी इथे जागा आहे. मात्र शनिवार-रविवार आणि सणवार कामातच जातील, हे घरच्यांनी आधीच मान्य करावं.

गैरसमज : सार्वजनिक आरोग्य डॉक्टरांचंच काम.

वस्तुस्थिती : महापालिकेतलं वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याचं पद डॉक्टरांचं, हे खरं. पण साथीची आकडेवारी, पाणी, पोषण, लसीकरणाचं नियोजन यांत समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकलेल्यांची गरज असते. पदवीच्या पातळीवर हा विषय आपल्याकडे कमीच ठिकाणी आहे. म्हणून आधी बी.ए. किंवा बी.एस्सी. नीट करावं आणि मग एम.पी.एच.कडे, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीकडे वळावं, हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ते शिकवतात. कोपरहून कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडीला उतरायचं, रोज करता येईल असा प्रवास.

पालकांनो, पैसे भरण्याआधी महाविद्यालयाला दोनच गोष्टी विचारा : पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि तिच्यावर व्यवसायाची नोंदणी कुठे होते? उत्तर लेखी घ्या. ते मिळेपर्यंत फी भरू नका.