रंग नको, तळ बघा!

फ्लेमिंगोंचा सीझन सुरू झाला की पुण्यातल्या ऑफिसांमध्ये वीकेंडचा एक हिट प्लॅन ठरलेला: भिगवण! पहाटे गाडी काढायची, उजनीच्या पाण्यात होडीतून फोटो मारायचे, दुपारी मासे चापायचे. मी मूळची भूमची. आमच्याकडे उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे टँकर. त्यामुळे होडीचं अप्रूप मलाही आहेच. पण हल्ली मी आधी होडी बघते, पक्षी नंतर.

कारण झीज रंगाखाली लपते, बॉस. काठावर ओढून ओढून होडीचा तळ घासतो. फायबरचा वरचा गुळगुळीत थर गेला की आत पाणी मुरतं आणि थर सुटायला लागतात. लाकडी होडी असेल तर सांधे उघडतात. इंजिनाच्या हादऱ्यांनी मागची फळी ढिली होते. लाइफ जॅकेटचे पट्टे उन्हाने विरतात.

आणि तळाशी साचलेलं पाणी? ते फक्त तुमचे बूट भिजवत नाही. होडी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. त्यात फोटोसाठी सगळी गँग एकाच बाजूला उभी राहिली, तर विचारूच नका. उजनीवरचा वारा तर भलताच. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला.

नावाड्याला दोष देणं सोपंय. पण त्याचा सीझन मोजक्या महिन्यांचा. होडी दुरुस्तीला काढली की त्या दिवसाची कमाई गेली. आणि आपण? ‘काका, शंभर कमी करा ना!’ ते शंभर रुपये डागडुजीतूनच कापले जातात.

इंजिनवाल्या होडीची नोंदणी आणि तपासणी हवी, असं २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा सांगतो. पण त्या सकाळी काठावरचे इन्स्पेक्टर तुम्हीच. तळाशी पाणी आहे का? पाणी उपसायचा डबा आहे का? जॅकेटचं बकल लागतं का? मोजून तीन प्रश्न.

आणि ‘आज होडी दुरुस्तीला आहे,’ असं नावाडी म्हणाला तर रुसू नका. नंबर घ्या, पुढच्या वीकेंडला त्याच्याच होडीत बसा.