आभासी संगणकातील एक दोष आणि त्याची दुरुस्ती

वर्धा जिल्ह्यातील नाचणगावचा शेतकरी आज आपला सात-बाराचा उतारा संगणकावर पाहू शकतो. ग्रामपंचायतींचे आराखडे व जमाखर्च २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीवर नोंदविले जातात. हे अभिलेख दूरच्या माहिती केंद्रांत असतात. शासकीय विभागांना अशा केंद्रांतून सामायिक संगणक-सेवा मिळावी म्हणून केंद्र शासनाने २०१४ मध्ये ‘मेघराज’ उपक्रम सुरू केला.

अशा केंद्रांत सामान्यतः एका मोठ्या संगणकावर अनेक ‘आभासी संगणक’ चालतात. एका चाळीत अनेक बिऱ्हाडे असावीत, तसाच हा प्रकार होय. मात्र येथील भिंती विटांच्या नसून आज्ञावलीच्या असतात. भिंतीला भगदाड पडले तर एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात शिरता येते.

असे भगदाड मे २०१५ मध्ये उघडकीस आले. ‘क्राउडस्ट्राइक’ कंपनीचे जेसन गेफनर यांना ‘क्यूएमू’ या आज्ञावलीत ते आढळले. ‘झेन’ व ‘केव्हीएम’ प्रणालींतही तोच भाग वापरला जात असे. या दोषास ‘व्हेनम’ असे नाव पडले. जुन्या फ्लॉपी तबकडीच्या नियंत्रकाची नक्कल करणाऱ्या भागात तो २००४ पासून दडून होता.

दोषाचे स्वरूप आवक नोंदवहीच्या दाखल्याने समजेल. आभासी संगणकाकडून आलेली प्रत्येक आज्ञा ५१२ रकान्यांच्या पानावर उतरविली जाई. आज्ञा पूर्ण होताच लेखणीने पहिल्या रकान्यावर परतावे, असा नियम होता. दोन आज्ञांच्या बाबतीत मात्र ती परतत नसे. मजकूर येतच राहिला की लेखणी पानाबाहेर जाऊन शेजारच्या कागदांवर लिहू लागे.

दुरुस्ती थोडक्या ओळींची होती. आज्ञा कोणतीही असो, लिहिण्याची जागा पानाच्या मर्यादेतच राहील, असे बंधन घालण्यात आले.

‘फ्लॉपी आता कोण वापरतो?’ हे समाधान येथे फोल ठरले. काही प्रणालींत ती बंद ठेवली तरी सदोष भाग चालूच राहत असे. शिवाय दुरुस्ती बसविल्यावर आभासी संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणे आवश्यक होते. म्हणून देखभालीसाठी सेवा काही काळ बंद राहिली, तर ती केवळ गैरसोय मानू नये. संगणक-सेवेचा करार करताना दुरुस्ती कोण व किती दिवसांत बसविणार, हे कार्यालयांनी लेखी घ्यावे आणि अभिलेखांची प्रत वेगळी जपावी. गावाची नोंद सुरक्षित राहण्यास हीच दक्षता उपयोगी पडेल.