महाविद्यालयाच्या आवारातील मांडव आणि तो उभारणारे हात
कार्यक्रमासाठी येणाऱ्या कंत्राटदारांकडून सुरक्षेच्या कोणत्या अटी पाळून घ्याव्यात?

डिसेंबर ते फेब्रुवारी हा महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या आवारात स्नेहसंमेलने, युवा महोत्सव, पदवीदान समारंभ व क्रीडास्पर्धांचा हंगाम असतो. पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होते, छायाचित्रे निघतात. त्याआधी दोन-तीन दिवस मात्र त्याच मैदानावर वेगळीच माणसे वावरत असतात : बांबू बांधणारे, लोखंडी सांगाडा चढवणारे, वायरी ओढणारे, ध्वनिक्षेपक उचलणारे, चुली मांडणारे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव नसते आणि आयोजकांपैकी बहुतेकांना त्यांची संख्याही ठाऊक नसते.

हा विषय आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू होतो. ख्रिस्तसभेच्या संस्थांकडे शाळा-महाविद्यालये आहेत, तेथे यजमान आपणच असतो. शिवाय आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी युवक-युवती इतर महाविद्यालयांच्या आयोजक समित्यांवर काम करतात. दुसऱ्या बाजूला मांडव, रोषणाई, ध्वनी आणि जेवणाची कंत्राटे घेणारे बांधवही आपल्यात आहेत. यजमान व कंत्राटदार यांच्यात सुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

“आम्ही काम कंत्राटदाराला दिले आहे, आता त्याचे तो पाहील,” हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. आपल्या देशातील दोन दुर्घटनांनी या वाक्याचा फोलपणा दाखवून दिला आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेचा पारितोषिक वितरण समारंभ मंगल कार्यालयाच्या आवारातील मांडवात चालू होता. मांडवाला आग लागली. कृत्रिम धाग्याचे छत पेटून खाली कोसळले, बाहेर पडण्याचा मार्ग अपुरा होता, आणि चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत बहुसंख्य मुले आणि त्यांच्या माता होत्या. पुढे २००९ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने भरपाईचा निवाडा केला, तेव्हा शाळा चालविणारी संस्थाही त्या भारातून सुटली नाही.

दुसरी घटना १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये घडली. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या मांडवांना आग लागून ६५ जण मृत्युमुखी पडले. आयोजकांचे म्हणणे असे होते की, मांडव आणि वीज यांचे काम स्वतंत्र कंत्राटदाराकडे होते, त्यामुळे दोष त्याचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला आणि भरपाईची जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के व राज्य सरकारवर ४० टक्के अशी कायम ठेवली. कंत्राट दिल्याने काम दुसऱ्याकडे जाते, जबाबदारी आपल्याकडेच राहते, हा त्याचा सरळ अर्थ. पुढील स्नेहसंमेलनाचे दरपत्रक मागवताना प्रत्येक प्राचार्याने आणि विश्वस्ताने हा निवाडा समोर ठेवावा.

मग कायदा कामगाराचे रक्षण करीत नाही का? करतो, पण त्याला उंबरठा आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुळात २० किंवा अधिक कामगार असलेल्या कंत्राटदारांसाठी होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली, आणि तिच्यातील कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी ही संख्या ५० झाली. आपल्या गावाकडचा मांडववाला सात-आठ पोरे घेऊन येतो. म्हणजे ज्या तरतुदींचा आधार वाटावा, त्या या पोरांपर्यंत पोहोचतच नाहीत. अपघातानंतर भरपाई मागण्याचे मार्ग आहेत. अपघात होऊ नये यासाठी मात्र यजमान संस्थेने करारपत्रात ज्या अटी लिहिल्या असतील, त्याच काय त्या कामी येतात. आणि करारपत्रच नसेल तर? बहुतेक ठिकाणी दूरध्वनीवर भाव ठरतो, आगाऊ रक्कम दिली जाते, संपले.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत या परिस्थितीला चपखल बसणारी एक संकल्पना आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयी ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्यात ‘प्रत्यक्ष मालक’ आणि ‘अप्रत्यक्ष मालक’ असा भेद केला आहे. कामगाराशी थेट करार करणारा तो प्रत्यक्ष मालक. आणि ज्यांच्या निर्णयांमुळे त्या कराराच्या अटी ठरतात, अशा व्यक्ती व संस्था म्हणजे अप्रत्यक्ष मालक. पोपमहोदयांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने राज्यव्यवस्था व मोठे आर्थिक व्यवहार होते. पण मैदान देणारे, तारीख ठरवणारे आणि सर्वांत कमी दर निवडणारे महाविद्यालय त्या व्याख्येत सहज बसते. त्याही आधी, अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याभोवती कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी वरून पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये, हे तिचे कारण. तेथेही जबाबदारी घरधन्यावर आहे.

आता प्रत्यक्ष अटींकडे वळू. पहिली अट कंत्राटदाराला घालायची नाही, ती यजमानाने स्वतःला घालून घ्यायची आहे. मैदान वेळेवर द्यावे. परीक्षा किंवा तास संपेपर्यंत मैदान मोकळे होत नाही, मग सायंकाळी सहा वाजता मांडववाल्याला आत सोडले जाते आणि सकाळी नऊला पाहुणे यायचे असतात. रात्रभर, अपुऱ्या उजेडात, दिवसभर दुसरीकडे राबून आलेली माणसे वीस फुटांवर चढतात. अशा वेळी ‘सुरक्षेचे सर्व नियम पाळावेत’ ही ओळ करारात असली काय आणि नसली काय, सारखेच. किमान एक पूर्ण दिवस उजेडाचा द्यावा. दरपत्रकातही सुरक्षा साहित्याची वेगळी ओळ मागावी, म्हणजे जो कंत्राटदार पट्टे, शिरस्त्राणे आणि चांगल्या केबली बाळगतो, तो केवळ दरामुळे बाद होणार नाही.

मांडवाविषयी भारतीय मानक ब्यूरोचे स्वतंत्र मानक आहे : आय. एस. ८७५८. तात्पुरत्या मांडवांना आगीपासून कसे जपावे, हा त्याचा विषय. छताची उंची तीन मीटरपेक्षा कमी नसावी, कृत्रिम धाग्याचे कापड व दोर वापरू नयेत, वाहत्या वीजतारांखाली मांडव घालू नये, बाहेर पडण्याच्या वाटा पुरेशा रुंद व स्पष्ट दिसणाऱ्या असाव्यात, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. डबवालीचे वर्णन वाचून हे मानक पाहिले की, त्यातील एकेका कलमामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मागच्या अंगाला कापडी भिंत शिवून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. फुकटे लोक आत शिरू नयेत, हा हेतू. ती भिंत बाहेर पडण्याची वाटही बंद करते.

वाऱ्याचा हिशेब बहुधा कोणीच करीत नाही, म्हणून तो येथे थोडा सविस्तर देतो. रंगमंचामागे सहा मीटर रुंद व चार मीटर उंच फ्लेक्स लावला आहे असे समजा. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला तर त्या फलकावर सुमारे दीडशे किलो वजनाइतका दाब पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे ताशी ७२ किलोमीटरला तो सहाशे किलोच्या आसपास जातो. ज्या सांगाड्याला नुसते कापड पेलायचे म्हणून बांधले, त्याला एवढा भार कसा झेपावा? समुद्राकाठच्या आपल्या गावांत दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो, खाऱ्या हवेने लोखंडी जोड व पकडी गंजतात, आणि रंग मारला की गंज दिसत नाही. म्हणून सांगाडा नुसता जमिनीवर टेकवून ठेवणे पुरेसे नाही. ताणाचे दोर, खाली वजन किंवा जमिनीत खोल खुंट्या हव्यात. मोठ्या सांगाड्यासाठी बांधकाम अभियंत्याचे लेखी प्रमाणपत्र मागावे. संस्थेत अभियांत्रिकीचे प्राध्यापक असतील तर त्यांना बोलवायला हरकत कसली? आणि वारा किती वाढला की काम थांबवून फलक उतरवायचा, हा आकडा आधीच लिहून ठेवावा.

हा आकडा, आणि तो अमलात आणणारी व्यक्ती, का महत्त्वाची आहे, हे अमेरिकेतील एका कॅथॉलिक विद्यापीठाच्या अनुभवावरून कळते. २७ ऑक्टोबर २०१० रोजी नोत्र दाम विद्यापीठात फुटबॉलचा सराव चालू असताना चित्रीकरण करणारा २० वर्षांचा विद्यार्थी यांत्रिक उचलमंचावर सुमारे ४० फूट उंचीवर होता. ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाच्या झोताने मंच उलटला आणि तो मरण पावला. तो कंत्राटदाराचा माणूस नव्हता, विद्यापीठासाठीच काम करीत होता. पण कारणपरंपरा तीच आहे. निर्मात्याने ठरवून दिलेली वाऱ्याची मर्यादा त्या दिवशी ओलांडली गेली होती, आणि मंच खाली घ्या असे कोणी म्हटले नाही. इंडियाना राज्याच्या सुरक्षा खात्याने विद्यापीठाला ७७,५०० डॉलर दंड आकारला. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स यांनी खात्याच्या निष्कर्षाची वाट न पाहता जबाबदारी विद्यापीठाची असल्याचे जाहीरपणे मान्य केले. नंतर सरावाच्या चित्रीकरणासाठी असे मंच वापरणे बंद करून दूरनियंत्रित कॅमेरे बसवण्यात आले.

आपल्याकडे काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असतो? प्राचार्य पाहुण्यांच्या स्वागतात, विद्यार्थी प्रतिनिधीला मांडववाला ‘बाळा’ म्हणून गप्प करतो, आणि चढलेला मुलगा मुकादमाला नाही म्हणू शकत नाही. म्हणून एका जबाबदार प्रौढ व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक करारात असावा, आणि तिच्या शब्दावर काम थांबेल, त्याबद्दल कंत्राटदाराचा पैसा कापला जाणार नाही, असे स्पष्ट लिहावे. शेवटचा भाग वगळला तर पहिल्याला किंमत राहत नाही.

उंचीवरच्या कामात पट्टा बांधतात, हे खरे. परंतु पट्ट्याचा आकडा कशात अडकवला आहे, हे पाहावे. सुतळीने बांधलेल्या बांबूत अडकवलेला आकडा माणसाबरोबर खाली येतो. दोन मीटरच्या वर चढणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण अंगाचा पट्टा आणि तो अडकवण्यासाठी भक्कम, वेगळा आधार हवा. शिडी चार फूट उंचीला एक फूट पाया या प्रमाणात टेकवावी व खाली एकाने धरावी. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी वीजतारांजवळ आणूच देऊ नये. आडवी शिडी उभी करताना तारेला लागून माणसे दगावतात. अठरा वर्षांखालील मुलगा कामावर दिसला तर काम सुरू होण्यापूर्वीच त्याला परत पाठवावे आणि कंत्राटदाराला कारण विचारावे.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टींवर अडून बसावे. जोडणी परवानाधारक वीज कंत्राटदाराचीच, आणि त्याचा माणूस कार्यक्रम संपेपर्यंत हजर. प्रत्येक वितरण पेटीवर ३० मिलिॲम्पिअरचा गळती रोधक स्विच, आणि त्याचे चाचणी बटण आपल्या देखत दाबून दाखवलेले. बटण दाबल्यावर वीज गेली नाही तर तो स्विच शोभेचा आहे. जनरेटरला स्वतंत्र अर्थिंग. हिवाळ्यात सायंकाळी गवतावर दव पडते, आणि नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड त्याच गवतावर पडलेला असतो. सर्व जोड जमिनीपासून वर, बंद पेटीत असावेत.

जेवणाच्या कंत्राटाबद्दल थोडक्यात : सिलिंडर मांडवाच्या बाहेर, उभे, आणि भट्टीपासून दूर, अग्निशामक नळकांडे आचाऱ्याच्या हाताशी. विम्याची कागदपत्रे काम सुरू होण्यापूर्वी पाहावीत. कामगारांना पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह द्यावे. विद्यार्थ्यांची स्वच्छतागृहे कुलूपबंद करून मांडववाल्यांना कुंपणाकडे पाठवण्याची प्रथा कॅथॉलिक संस्थेला शोभत नाही.

गर्दीचे नियोजन हा वेगळा विषय आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात संगीत कार्यक्रमाआधी प्रवेशद्वाराशी चेंगराचेंगरी होऊन चार तरुण जीव गेले, ते मांडवामुळे नव्हे. तरीही कंत्राटदाराने अडथळे, दोऱ्या व कमानी कोठे उभ्या केल्या आहेत, हे दारावरच्या स्वयंसेवकांनी आधी चालून पाहावे.

उतरवणीकडे तर कोणाचेच लक्ष नसते. कार्यक्रम रात्री दहाला संपतो, आयोजक घरी जातात, आणि मांडववाल्याला पहाटे दुसऱ्या गावी पोहोचायचे असते. मग वरचे दोर आधी कापले जातात, सांगाडा एका बाजूने सैल होतो, वीज तोडण्याआधीच दिव्यांच्या माळा ओढल्या जातात. म्हणून करारातच लिहावे की, उतरवण दुसऱ्या दिवशी उजेडात होईल, वीज तोडल्याची नोंद वीज कंत्राटदार करील, यजमानाचा प्रतिनिधी हजर असेल, आणि शेवटचा हप्ता मैदान रिकामे होऊन सर्व माणसे सुखरूप गाडीत बसल्यावर त्याच ठिकाणी दिला जाईल.