तीन पट्ट्यांची गाडी

मोटारीला मागे नेण्यासाठीही पायाखाली एक पेडल असते, असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथपाशी घालवूनही मला ते ठाऊक नव्हते. गेल्या दसऱ्यानंतर एक ओळखीचे गृहस्थ शेडवर आले आणि म्हणाले, "आजोबांची फोर्ड आहे, १९२३ची. इंजिन चालतंय, पण गाडी जागची हलत नाही. आमचे आबा नव्वदीला टेकलेत. त्यांना एकदा तिच्यात बसवून रंकाळ्यावर न्यायचंय. बघता का?"

मी "बघू" म्हणालो. आमच्या धंद्यात "बघू" म्हणजे "हो".

ही गाडी म्हणजे फोर्डचे प्रसिद्ध 'मॉडेल टी'. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या अमेरिकेत आणि अन्यत्र तयार झाल्या. तेव्हा अमेरिकेतल्या खेड्यांतून रस्ते नव्हतेच. होता तो चिखल आणि घोडागाडीची चाकोरी. म्हणून ही गाडी जमिनीपासून चांगली उंच, अंगाने हलकी आणि शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येईल अशी केलेली. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या आपल्याकडे कॅनडातून येत.

तिची खरी गंमत गिअरपेटीत आहे. दात एकमेकांत अडकवायचे, काढायचे, हा प्रकारच नाही. फ्लायव्हीलवर तीन खुंट्या, प्रत्येक खुंटीवर तीन चाके एकजीव केलेली. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी ती मधल्या चाकांभोवती फिरतात. पलीकडे ओळीने तीन ड्रम आणि प्रत्येक ड्रमभोवती पोलादाचा एक पट्टा. पट्ट्याला आतून सुती अस्तर. पेडल दाबले की पट्टा आवळतो, ड्रम थांबतो आणि ग्रहांना नवी वाट धरावी लागते. पहिला ड्रम थांबला की गाडी मागे, दुसरा थांबला की सावकाश पुढे, तिसरा थांबला की गाडीच थांबते. सावकाश गतीत इंजिनाचे पावणेतीन फेरे झाले की मागच्या धुऱ्याकडे जाणाऱ्या दांड्याचा एक होतो. उलट गतीत चार फेऱ्यांना एक. म्हणूनच चढ फार उभा असला तर जुने लोक ही गाडी उलटी चढवीत!

डावे पेडल मात्र नीट ध्यानात ठेवा. ते पूर्ण सोडले की वेगाची गती, अर्धे दाबले की मोकळी, आणि पूर्ण दाबले की सावकाश गती. आजच्या गाडीत डावे पेडल तळाशी नेले की इंजिन सुटते. हिच्यात इंजिन जुंपले जाते.

माझा पुतण्या माझ्या हाताखाली शिकतो. गाडी उतारावर ढकलून आम्ही पेडल सोडले, तर ती वेगाच्या गतीत छान पळाली. म्हणजे क्लच शाबूत. डावे पेडल मात्र फळीला टेकले तरी जोर लागेना. निदान झाले : अस्तर संपले. या सालच्या गाडीचे पट्टे वरच्या झाकणातून निघत नाहीत, पेटीचे अख्खे टोपणच उतरावे लागते. उतरल्यावर दिसले ते असे, की अस्तराच्या चिंध्या झालेल्या, आणि त्यांची लव तेलात मिसळून पुढे तेल नेणाऱ्या नळीत बोळ्यासारखी बसलेली. आणखी महिनाभर गाडी चालवली असती तर इंजिनही गेले असते.

हल्ली लाकडाचे आणि केव्लारचेही अस्तर मिळते. केव्लार टिकते खूप, पण सैल राहून घसरत राहिले तर ड्रम तापवते. मी सुतीच निवडले. रात्रभर तेलात भिजवले, रिव्हेटांची डोकी अस्तराच्या आत बुडतील अशी ठोकली, तिन्ही पट्टे दोरीने आवळून धरले आणि टोपण बसवले. वरचे झाकण उघडले की आधी खाली फडके पसरायचे, हा नियमही पाळला. कारण एखादा नट आत पडला तर फ्लायव्हीलवरचे सोळा चुंबक त्याला पकडतात आणि मॅग्नेटोच्या गुंडाळ्यांचा चुराडा होतो.

एवढे सांभाळले, आणि चुकलो भलतीकडेच. "आता घसरायला नको" म्हणून मी सावकाश गतीचा पट्टा दोन फेरे जास्तच आवळला. जुनी गाडी म्हणून तेलही दाट घातले. हातब्रेकच्या जुन्या पट्ट्या तशाच ठेवल्या. डिसेंबरची सकाळ होती, गाडीचे तोंड भिंतीकडे. पुतण्याने समोरून हँडल मारले. इंजिन धडधडले आणि गाडी पुढे सरकू लागली.

"काका! ब्रेक!"

माझा पाय सवयीने डाव्या पेडलवर गेला आणि मी ते तळापर्यंत दाबले. गाडीने उसळी घेतली. पोराने बाजूला उडी टाकली म्हणून बचावला. हँडल भिंतीत रुतले आणि इंजिन बंद पडले. त्याचे कोपर सोलवटले होते. तो हसत म्हणाला, "काही नाही काका, खरचटलंय." मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्याच्या आईला काय सांगितले असते?

दुसऱ्या दिवशी मागचे एक चाक जॅकवर उचलले, बाकीच्या चाकांना दगड लावले, दांडा मोकळ्या गतीत ठेवला आणि चाक हाताने फिरवून पाहिले. जड! पट्टा ड्रमला घासत होता. टोपणाबाहेरचा स्क्रू थोडा थोडा सोडत गेलो. चाक हलके झाले आणि पेडलही फळीच्या दोन बोटे वरच धरू लागले, तेव्हा थांबलो. दाट तेल काढून पातळ घातले, कारण थंडीत दाट तेल क्लचच्या चकत्यांना एकमेकींना चिकटवते. हातब्रेकच्या पट्ट्या नव्या केल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे : इंजिन बंद ठेवून तीन संध्याकाळी नुसती पेडले दाबत बसलो. पुतण्या समोर बसून हुकूम सोडी : "थांब! मागे! मोकळी!" चुकलो की तो हसे.

आता गाडीचे तोंड भिंतीकडे करून हँडल मारायचे नाही, आणि चाकाला दगड लावल्याशिवाय तर मुळीच नाही, हा शेडचा नियम आहे.

पौषात आबांना रंकाळ्यावर नेले. उतरताना ते म्हणाले, "लहानपणी वडील मला हँडलजवळ फिरकू देत नसत. रागीट होते फार."

मी काही बोललो नाही. रागीट नव्हते, हे मला आता ठाऊक होते.