उरुळीच्या मुक्कामात

इंदापूर-बारामतीकडचा माणूस पुण्याच्या रस्त्याला लागला की बहुतेक वेळा काम दवाखान्याचं असतं. भिगवण, पाटस, चौफुला, यवत मागं पडतं, उरुळीकांचन येतं, एसटीतलं कोणीतरी सांगतं, "गांधीबाबांचा आश्रम हितंच." गाडी पुढं निघते. माझंही वर्षानुवर्षं तसंच झालं. मी निमगाव केतकीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. घरी पानमळा, थोडं डाळिंब, दावणीला गाई. निवृत्तीनंतर बीपी, शुगर आणि गुडघे तिन्ही एकदम मागं लागले, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, पुण्यापर्यंत जायच्या आधी एकदा उरुळीला उतरून बघ." उतरले आणि महिनाभराच्या आसपास राहिले.

उरुळीच्या निसर्गोपचार आश्रमाबद्दल आमच्या भागात दोन टोकांची मतं ऐकू येतात. कोणी म्हणतं, तिथं असाध्य आजारही पळतात. कोणी म्हणतं, पैसे देऊन उपाशी राहायचं कशाला? मी दोन्ही मतं कानावर घेऊन गेले होते आणि दोन्ही तिथंच सोडून आले. तिथं नेमकं काय करतात, त्याचा उपयोग कुठवर आणि कुठं थांबायचं, हे आपल्या भागातल्या लोकांना, विशेषतः बायकांना कळावं, अशी मला फार इच्छा आहे.

आधी आश्रम उरुळीत का, ते सांगते. गांधीजींना पाण्या-मातीच्या उपचारांचं वेड दक्षिण आफ्रिकेपासूनचं. लुई कूने आणि अडॉल्फ युस्ट या दोन जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकं त्यांनी तिथं वाचली आणि पोटावर मातीची पट्टी ठेवण्यापासून सगळं स्वतःवर करून पाहिलं. पुढं 1942 साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरचं आपलं छोटं पुस्तक लिहिलं. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं. तिथं गांधीजी अनेकदा राहिले. 1945 साली तर सरदार पटेलांच्या उपचारासाठी त्यांना सोबत घेऊन काही महिने राहिले. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला निसर्गोपचाराचा अखिल भारतीय ट्रस्ट झाला. आता सगळं पुण्यातच उभं राहायचं, असं दिसत होतं.

पण गांधीजींचं मन पालटलं. गरीब खेडूत शहरातल्या केंद्रात येऊन राहणार नाही, उपचारानंच त्याच्या गावाला जायला हवं, असं त्यांना वाटू लागलं. मग 22 मार्च 1946 ला ते उरुळीकांचनला आले आणि 30 तारखेपर्यंत राहिले. रोज आसपासचे रोगी येत. त्यांना सूर्यस्नान, कटिस्नान, फळांचा रस, ताक असं सांगत, आणि सोबत रामनाम. तिकडं दिल्लीत स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी कॅबिनेट मिशन येऊन थांबलं होतं आणि इकडं हा माणूस कोणाच्या पोटावर कशाची पट्टी ठेवायची ते ठरवत होता. गांधीजी दिल्लीला गेले, पण संस्था राहिली. मागं थांबलेल्या मणिभाई देसाईंनी उभं आयुष्य तिथं घातलं. ते सुरत जिल्ह्यातले, 1946 साली जेमतेम सव्वीस वर्षांचे. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा भावे यांनीही आश्रमाची धुरा वाहिली.

आता तिथला दिवस. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, जुने रिपोर्ट पाहिले, चालू गोळ्यांची यादी लिहून घेतली आणि माझ्यापुरतं वेळापत्रक आखून दिलं. पहाटे उठायचं, प्रार्थना, लिंबूपाणी, आसनं. मग मातीची पट्टी, मालिश, कोणत्या दिवशी वाफ, कोणत्या दिवशी कटिस्नान. मग जेवण, विश्रांती, संध्याकाळी फिरणं, दिवेलागणीच्या आत दुसरं जेवण, प्रार्थना आणि झोप. चहा नाही.

मातीचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपण मातीतलीच माणसं आणि तरी ही माती मला नवी होती. वरचा थर उपचाराला घेत नाहीत. तीन-चार फूट खालची, खत-औषध न लागलेली माती काढायची, उन्हात वाळवायची, खडे-मुळ्या काढून चाळायची आणि रात्रभर भिजत घालायची. सकाळी ती लोण्यासारखी मऊ होते. मग कापडाच्या तुकड्यावर बोटभर जाडीचा थर देऊन चौकोनी पट्टी करतात आणि बेंबीखाली पोटावर ठेवतात, दुसरी छोटी डोळ्यांवर. ठेवल्याबरोबर अंग शहारतं. ओलं फडकं थोड्या वेळात गरम होतं, माती मात्र पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, म्हणून गारवा वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. पट्टी ठेवणाऱ्या ताईंना मी विचारलं, "आमच्या मळ्यातली माती चालेल का?" त्या म्हणाल्या, "काकू, युरिया पडतो ना तिथं? मग नको." बांधाकडेची, कधी खत न पडलेली जागा शोधायची असं त्यांनी सांगितलं. अशी जागा आमच्या वावरात कुठं उरली आहे, याचा मी बराच वेळ विचार करत पडले.

कटिस्नानाला खुर्चीसारख्या टबात बसवतात. पाणी बेंबीपर्यंत, पाय बाहेर, आणि ओटीपोट फडक्यानं हलकं चोळत राहायचं. सगळे रोग पोटातल्या साठलेल्या घाणीतून होतात, हे कूनेचं म्हणणं आजचं वैद्यक मानत नाही, आणि मलाही पटत नाही. घाण बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतातच. पण गार पाण्यात बसून उठल्यावर माझं अंग हलकं व्हायचं आणि रात्री झोप लागायची, हे मी अनुभवलं. एनिमाचंही सांगायला हवं, कारण त्याच्या धास्तीनं कित्येक बायका जायचं टाळतात. तो कोमट पाण्याचा असतो, बायकांना बायकाच देतात, आणि बद्धकोष्ठ असलेल्याला त्यानं आराम पडतो. वर्षानुवर्षं घरी रोज घेत बसावा अशी मात्र ती गोष्ट नव्हे.

खरा बदल झाला ताटात. सुरुवातीचे दिवस रस, ताक आणि सूप. डोकं असं ठणकलं की मी घरी फोन लावायला निघाले होते. डॉक्टरांनी समजावलं, हे चहा एकदम तुटल्यामुळं, दोन-तीन दिवसांत जाईल. तसंच झालं. मग ज्वारीची भाकरी, उकडलेली बिनमिठाची भाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर. पहिला घास तोंडात फिरेना. दुसऱ्या आठवड्यात दुधीला दुधीची चव असते हे कळलं. तिसऱ्या आठवड्यात घरून कोणी आणलेला चिवडा खाल्ला तर तो खारट लागला. लांब मुक्कामाचं कारण मला इथं समजलं. चार-आठ दिवसांत वजनकाटा खाली येतो, पण त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो आणि घरी गेल्यावर तो भरून निघतो. जिभेची सवय मात्र आठवड्यांनीच मोडते, झोपेचंही तेच. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी शनिवार-रविवार उरकल्यासारखं जाऊ नये, सलग राहावं.

मिठाचं डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा मला आमची नीरेकाठची रानं आठवली. डावा कालवा 1885 च्या सुमाराला आला आणि बारामती-इंदापूर हिरवं झालं. पण उसाला पाणी सोडतच राहिलं की खालचे क्षार वर येतात आणि चांगली काळी जमीन चोपण होते. शरीरातही मीठ पाण्याला धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो. चोपण जमिनीला आपण चर काढतो, शरीराला आधी मीठच कमी घालावं लागतं.

माझ्या खोलीत सणसरकडची एक बाई होती. कंबर गेलेली. घरी सात-आठ जर्सी गाई, पहाटे चारला उठून धारा काढायच्या, शेण-वैरण, मग डेअरीला दूध. पहिले काही दिवस ती चारलाच उठून खाटेवर बसून राही आणि सुनेला फोन करून विचारी, फॅट किती लागली? मी तिला सांगितलं, तुझ्या दावणीचा आणि या गावाचा जुना संबंध आहे. मणिभाईंनी आश्रमात गीर गाई पाळल्या, आणि 1967 साली याच उरुळीत बायफ ही संस्था काढली. गावठी गाईंना परदेशी जातीच्या वळूंचं रेतन शेतकऱ्याच्या दारात नेऊन देण्याचं काम तिनं देशभर केलं. आपल्याकडं दुधाचा धंदा घरोघर गेला, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. मणिभाईंना 1982 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते ऐकून ती म्हणाली, "म्हंजे गाईंचं बघितलं त्यांनी. धारा काढणारीचं आता बघत्यात म्हणायचं." आणि एकदा जेवताना म्हणाली, "बाई, लग्न झाल्यापासून मला कुणी ताट वाढून दिलेलं आठवत नाही."

तिची कंबर मालिश, शेक आणि आसनांनी बरीच सुधारली. मला मात्र वाटतं, निम्मं काम तिला वाकावं लागलं नाही यानंच केलं.

आता सावधगिरीचं बोलते, कारण निसर्गोपचाराच्या नावानं मोबाइलवर वाटेल ते फिरतं. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी असंच काही पाहून घरच्या घरी नुसत्या रसावर राहायला सुरुवात केली, शुगरची गोळी मात्र चालू. दुसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना पोट रिकामं राहिलं तर साखर झपाट्यानं उतरते, त्यात जीवही जाऊ शकतो. इन्सुलिनवरचे रुग्ण, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे रुग्ण, गरोदर बायका यांनी उपवासाच्या वाटेला स्वतःच्या मनानं जाऊ नये. गोळ्या बंद करायच्या की कमी, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. कर्करोग, क्षय, हृदयविकार यांना माती-पाण्यावर सोडणं म्हणजे माणूस गमावणं. निसर्गोपचाराची आज साडेपाच वर्षांची पदवी आहे. उपचार देणारा ती घेतलेला आहे का, हे बिनधास्त विचारावं. ज्यांना राहणं शक्य नाही, त्यांच्यासाठी पुण्यात ताडीवाला रस्त्यावर, दिनशा मेहतांच्या त्याच जागेत, आता केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. तिथं बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेता येतात.

एक गोष्ट मला मनापासून खुपते. आश्रमाच्या प्रार्थनेला बसलं की शेजारी मुंबई, पुणे, गुजरात इथली माणसं दिसत. इंदापूर, बारामती, दौंडच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका मोजक्या. आश्रम मोठ्या रिसॉर्टांसारखा महाग नाही, तरीही नाहीत. त्यांना घर सोडायला कोण देणार? गडी-माणसं, गाई, पाण्याची पाळी, पोरांच्या परीक्षा. ज्या खेडुतासाठी गांधीजी पुणं सोडून उरुळीला आले, त्याच्या घरची बाई शंभर किलोमीटरवरून येऊ शकत नाही. गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत आणि बचत गटांच्या बैठकांत आहाराचं, मिठाचं, पाठीच्या आसनांचं एवढं तरी शिकवलं गेलं पाहिजे. त्याला ना यंत्र लागतं, ना इमारत.

मी घरी आल्यावर पहिला हिशेब मिठाचा मांडला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आम्ही घरात पाच माणसं. पाच पंचे पंचवीस, महिन्याचे 750 ग्रॅम. आमच्याकडं किलोचे दोन पुडे लागत, वर लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी वेगळीच. सूनबाईला कागदावर मांडून दाखवलं. आता किलोचा पुडा महिना सरला तरी तळाला उरतो. यजमान अजून ताटात वरून मीठ मागतात, आणि मी देत नाही.

इंदापूरच्या आमच्या डॉक्टरांनी दोन-तीन वेळा दाब मोजून बीपीची एक गोळी कमी केली. शुगरची आहे तशीच आहे. गुडघे जिना चढताना अजून दुखतात, पण पानमळ्यापर्यंत चालत जाते. सूनबाईची कंबर गेल्या वर्षापासून धरते आहे. दिवाळीनंतर कामं जरा हलकी झाली की तिला उरुळीला पाठवायचं ठरवलं आहे. तेवढे दिवस स्वयंपाक आणि पोरांचा डबा माझ्याकडं, आणि धारा काढायचं काम मुलानं अंगावर घेतलं आहे.